उसाच्या फडातले उतारवयाचे घर



मॉरिशस हा देश जगाच्या नकाशात सहज सापडत नाही. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर नावाचे मोठे बेट दिसते. त्याच्याही पूर्वेला हिंदी महासागरात एक बारीक ठिपका असतो, तो मॉरिशस. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर. आपले दोन मोठे तालुके शेजारी शेजारी ठेवले की झाले. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. मुंबईहून निघालेले विमान साधारण सहा तासांत तेथे पोचते, आणि उतरताना खाली पाहावे तर निळ्या पाण्याच्या मधोमध हिरवागार ऊस!

आज या बेटाची गोष्ट सांगण्यास कारण आहे. तेथील समुद्रकिनाऱ्याजवळची आलिशान घरे परदेशातील निवृत्त माणसांना विकण्याचा मोठा व्यवसाय गेल्या वीस-बावीस वर्षांत उभा राहिला आहे. त्याचे गुळगुळीत कागदावरचे एक रंगीत पुस्तक आमच्या तालुक्यातील एका बागायतदाराच्या हाती पडले. त्यांची सात एकर जमीन महामार्गात गेली आणि मोबदला चांगला मिळाला. मुले पुण्यात नोकरीला, नवरा-बायको दोघे साठीच्या उंबरठ्यावर. "साहेब, आयुष्यभर चिखल तुडवला. आता उरलेले दिवस समुद्राकडे बघत काढले तर काय बिघडले?" असे त्यांनी मला विचारले. मला चटकन उत्तर देता आले नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मीही सेवानिवृत्त होणार, त्याला आता दोनच वर्षे उरली आहेत. प्रश्न मलाही परका नव्हता.

माझा पुतण्या तेथे एका हॉटेलात हिशेबनीस आहे. त्याच्याकडे गेल्या ऑगस्टात बारा दिवस राहून आलो. जे पाहिले, विचारले आणि कागदावर मांडून पाहिले, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आपल्याच जातीचा दगड

विमानतळ बेटाच्या आग्नेय बाजूला आहे. तेथून पश्चिम किनाऱ्याकडे मोटारीने निघालो. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आपला पावसाळा तो त्यांचा हिवाळा, आणि जून ते डिसेंबर हा त्यांचा गळीत हंगाम, त्यामुळे तोडणी जोरात चालू होती. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसत होते. काही ढीग घराएवढे उंच. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेले. तेथला दगड बसॉल्ट, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाचाच भाऊ. लागवडीसाठी रानातले दगड हातांनी वेचून ते ढीग रचलेले आहेत. बांध घालताना दगड वेचून ज्यांचे हात सोलले आहेत, त्यांना त्या ढिगांची किंमत वेगळी सांगायला नको.

पावसाचा प्रकारही ओळखीचा वाटला. वारे आग्नेयेकडून येतात. मधल्या पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पाडतात आणि पश्चिमेकडे उतरताना कोरडे होतात. पश्चिम किनाऱ्यावर पाऊस हजार मिलिमीटरच्या आतच राहतो. महाबळेश्वर आणि फलटण यांत जो फरक, तो तेथे तासाभराच्या वाटेवर दिसतो. पश्चिमेकडे ऊस करायचा तर पाणी द्यावेच लागते. मात्र शेतकरी ज्या कोरडेपणाला बोटे मोडतो, तोच कोरडेपणा रंगीत पुस्तकात 'बारमाही ऊन' म्हणून छापला जातो. म्हणून फ्लिक आँ फ्लाक, तामारिन, रिव्हिएर नुआर अशी पश्चिमेची गावे परदेशी घरमालकांच्या आवडीची झाली आहेत.

ऊस या बेटावर डचांनी १६३९ साली जावा बेटातून आणला. पुढे १७१५ पासून फ्रेंचांचा आणि १८१० पासून इंग्रजांचा अंमल आला. मळ्यांवर आधी आफ्रिकेतून व मादागास्करहून आणलेले गुलाम राबत. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. तिची चाहूल लागल्याने १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली होती. पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये पगार! विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे अशी गेली. ती पोर्ट लुई बंदराच्या ज्या पायऱ्यांवरून वर चढली, त्या जागेला आज आप्रवासी घाट म्हणतात. २००६ साली तिला जागतिक वारशाचा मान मिळाला.

बहुतेक मजूर बिहार व पूर्वेकडच्या भोजपुरी मुलखातले, बरेच तामीळ व तेलुगू. पण मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसेही गेली. त्यांची वस्ती मुख्यतः याच पश्चिम भागात झाली. कास्काव्हेल येथे मराठी मंडळींचे देऊळ आहे. हेन्रिएटा गावी १८९६ साली गणेशोत्सव सुरू झाला आणि आज गणेश चतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. शाळांतून मराठी शिकण्याची सोय आहे. कोकणातली जाखडी तेथे अजून नाचतात. घरात बोलतात मात्र क्रिओल भाषा.

हमीभाव गेला, जमीन वळली

आता उसाचा हिशेब पाहू, कारण त्याशिवाय समुद्रकाठच्या घरांचा उलगडा होत नाही.

१९७३ साली या एवढ्याशा बेटाने सात लाख टनांहून अधिक साखर काढली. तो त्यांचा उच्चांक. १९७५ च्या लोमे करारानुसार युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेण्याचे कबूल केले. त्या भावावर देश उभा राहिला. शाळा झाल्या, रस्ते झाले. पण दुसऱ्याच्या हातातला भाव दुसऱ्याच्या मर्जीने चालतो. २००६ पासून युरोपने तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये ती हमी संपली. १९७० च्या दशकात वीसेक कारखाने होते, आज तीन उरले आहेत. अलीकडे साखर निघते ती अडीच लाख टनांच्या आत-बाहेर.

हे संकट त्यांनी आधीच ओळखले होते. खर्च कमी करण्यासाठी यंत्रे आली, कारखाने एकत्र झाले. तोट्यात चाललेल्या मळ्यांवरून मजूर कमी करायचे तर त्यांचे काय करायचे? २००१ च्या सुमारास मजुरांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना निघाली. काम सोडणाऱ्याला रोख रक्कम आणि घर बांधण्यासाठी सात पर्श जागा. पर्श हे त्यांचे जुने फ्रेंच माप. सात पर्श म्हणजे आपले जवळजवळ तीन गुंठे.

लगेच पुढच्या वर्षी, २००२ साली, सरकारने दुसरी योजना काढली. परदेशी माणसाला ठरावीक वसाहतीत, किमान पाच लाख डॉलर किंमत मोजून, आलिशान घर मालकी हक्काने घेता येईल. बंगल्यांबरोबर गोल्फचे मैदान, हॉटेल, पहारा, सारे काही. जमीन कोणाकडे होती? साखर कंपन्यांकडे. पश्चिमेला तामारिना आणि पूर्वेला अनाहिता अशा पहिल्या वसाहती उसाच्या रानातच उठल्या. २००७ मध्ये लहान वसाहतींसाठी योजना आली, २०१५ मध्ये नियमांची नवी मांडणी झाली. २०२० मध्ये किमान ३ लाख ७५ हजार डॉलरचे घर घेणाऱ्याला तेथे राहण्याचा परवाना मिळेल असे ठरले. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला घर विकत न घेताही, दरमहा ठरलेली रक्कम बाहेरून आणण्याच्या अटीवर, निवृत्त म्हणून राहता येते. नोकरी मात्र करता येत नाही.

थोडक्यात, एकाच उसाच्या रानातून एका वर्षाच्या अंतराने निवृत्तीची दोन घरे निघाली. एक ऊस तोडणाऱ्याचे, तीन गुंठ्यांचे. दुसरे समुद्र पाहायला येणाऱ्याचे. मी दोन्ही पाहिली.

पहिले घर

पुतण्याच्या ओळखीने तामारिनजवळच्या एका वसाहतीत गेलो. फाटकावर नाव, वेळ, मोटारीचा नंबर लिहून घेतला. आत रस्ता इतका स्वच्छ की चप्पल काढून चालावे. दोन्ही बाजूंना बुटके बंगले, प्रत्येकाला पोहण्याचा लहान हौद, मागे हिरवळ. ती हिरवळ पाहून माझा जीव कासावीस झाला. एवढ्या कोरड्या भागात तिला रोज पाणी घालायचे!

घरमालक फ्रान्समधले. नवऱ्याचे तेथे औषधांचे दुकान होते, ते विकून दोघे आले. मॉरिशसमध्ये घर घेणाऱ्या परदेशी लोकांत फ्रेंच सर्वांत पुढे आहेत, दक्षिण आफ्रिकेचे लोकही पुष्कळ. फ्रेंच भाषा सगळीकडे चालते, दिवाणी कायदा फ्रेंच धर्तीचा, त्यामुळे त्यांना घरच्यासारखे वाटते. आमचे बोलणे मोडक्यातोडक्या इंग्रजीत झाले. बाई म्हणाल्या, "आमच्या गावी चार-चार महिने सूर्य नीट दिसत नाही. माझे सांधे तेथे धरून बसत. येथे मी रोज पोहते." माणसे मनमोकळी. त्यांनी पैसा लपवला नाही आणि मिरवलाही नाही.

मी म्हटले, "आजारी पडलात तर?" नवरा म्हणाला, "लहानसहान दुखण्याला येथे खाजगी दवाखाने चांगले आहेत. हृदयाची शस्त्रक्रिया निघाली तेव्हा मात्र मी रियुनियनला गेलो." रियुनियन हे शेजारचे बेट, ते फ्रान्सच्या मालकीचे. म्हणजे त्यांचे सरकार आणि त्यांचे इस्पितळ विमानाने पाऊण तासावर होते. आपल्या बागायतदाराला तशी सोय नाही, हे मी वहीत लिहून घेतले.

बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या रांगेत दहा घरे आहेत, बारा महिने राहणारी जोडपी तीनच. बाकीचे थंडीपुरते येतात. एक जण वारला, तेव्हा बायको महिनाभरात घर विकायला लावून मुलाकडे परत गेली. "मी तिला मदत केली," त्या म्हणाल्या, "सामान बांधायला आमच्याखेरीज कोणी नव्हते."

बागेत एक तरुण माळीकाम करत होता. त्याचा आजा याच जागेवर ऊस तोडायला येत असे, असे त्याने हिंदीत सांगितले. त्या बोलण्यात रागही नव्हता, खंतही नव्हती. ऊस तोडण्यापेक्षा हे काम बरे, पगार वेळेवर होतो, असेही तो म्हणाला. ही दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. वसाहतींमुळे गवंडी, सुतार, माळी, स्वयंपाकी अशा पुष्कळांच्या हातांना काम मिळाले आहे.

दुसरे घर

दुसऱ्या दिवशी एका मराठी शिक्षकांबरोबर एका आजींच्या घरी गेलो. आजींनी तेवीस वर्षे मळ्यात खुरपणी आणि तोडणी केलेली. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा रोख पैसे लगेच मिळाले, जागा हाती यायला चार वर्षे लागली. तीन गुंठ्यांत सिमेंटचे घर. छत सपाट, आणि छतातून लोखंडी सळया वर आलेल्या. बांधकाम अर्धवट राहिले की काय म्हणून विचारले, तर शिक्षक हसले. "मुलाचे लग्न झाले की त्याचा मजला वर चढतो. सळया त्यासाठीच ठेवायच्या." त्या बेटावर गावोगाव अशा सळया दिसतात. कॅरोल नावाच्या वादळाने १९६० मध्ये लाकूड-पत्र्याची घरे उडवून नेली, तेव्हापासून लोकांनी सिमेंटची कास धरली.

घरामागे तुळस, कढीलिंब, एक लिचीचे झाड आणि शेवगा. शेवग्याला तेथे मुरुम म्हणतात आणि शेंगांपेक्षा पाल्याची भाजी जास्त करतात. आजींनी तीच भाजी आणि भात वाढला. मराठीचे चार-दोन शब्द त्यांना येत होते, आरत्या पाठ होत्या. बाकी बोलणे शिक्षकांनी उलगडून सांगितले. मध्येच त्यांनी मला विचारले, "रत्नागिरी समुद्रावर आहे का?" त्यांच्या पणज्याच्या कागदावर तेवढे एक नाव होते. मी म्हटले, "होय आजी, समुद्रावरच आहे." त्या समाधानाने हसल्या.

आजींना दरमहा सरकारी पेन्शन मिळते. मॉरिशसमध्ये १९५८ पासून साठ वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला, गरीब असो वा श्रीमंत, ही पेन्शन मिळत आली. सरकारी दवाखाना फुकट. पण २०२५ च्या अर्थसंकल्पात पेन्शनचे वय हळूहळू पासष्टवर नेण्याचे ठरले आणि लोकांत मोठी नाराजी झाली. आजींचा प्रश्न वेगळाच होता. थोरला मुलगा वरच्या मजल्यावर राहतो, सून एका वसाहतीत कामाला जाते. धाकट्याला याच गावात जागा घ्यायची होती, पण किनाऱ्याजवळच्या जमिनीचे भाव आता परदेशी पैशाच्या मापाने चालतात. तो आत पठारावर भाड्याने राहतो, रविवारी येतो. "माझे तीन गुंठे मी विकणार नाही," आजी म्हणाल्या. "पुष्कळ जण विचारून जातात."

किनारा विकत नाहीत

एक गोष्ट मला त्या देशाची फार आवडली. किनाऱ्याची पट्टी, भरतीच्या रेषेपासून ८१.२१ मीटर आतपर्यंत, सरकारच्या मालकीची आहे. फ्रेंचांच्या काळापासून तिला 'पा जेओमेत्रिक' म्हणतात. काही जुने अपवाद सोडले तर ही पट्टी विकली जात नाही. हॉटेलवाल्यांना आणि बंगलेवाल्यांना ती भाडेपट्ट्याने मिळते, साठ वर्षांपर्यंत मिळते, पण मालकी सरकारची. त्याहीपुढची वाळू सगळ्यांची. १९७५ च्या कायद्याने परदेशी माणसाला परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. मंजूर वसाहतीतले घर मिळते, उसाचे रान मिळत नाही.

रविवारी फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. सुरूच्या झाडांखाली माणसांची जत्रा! भाड्याच्या बसमधून अख्ख्या वस्त्या आलेल्या. पातेल्यांतून बिर्याणी, मुले पाण्यात, म्हातारी माणसे सतरंजीवर, कोणी डफासारखे वाद्य वाजवतो आहे. कोट्यवधीचे घर घेणारा आणि आजींचा नातू एकाच वाळूत बसतात. रंगीत पुस्तकात 'खाजगी किनारा' असे छापले असेल तर वाचणाऱ्याने सावध व्हावे.

आणि समुद्र म्हणजे नुसते चित्र नव्हे. नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाने राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यांत पाणी भरले. जुलै २०२० मध्ये वाकाशियो नावाचे जहाज आग्नेयेकडच्या प्रवाळाच्या बांधावर चढून बसले आणि पुढे त्यातून सुमारे हजार टन तेल सांडले. कित्येक ठिकाणी किनाऱ्याची वाळू लाटा खाऊन टाकत आहेत. २०२५ च्या आरंभी पाणी इतके कमी पडले की बागा शिंपण्यावर आणि मोटारी धुण्यावर निर्बंध आले. हिरवळीचे बंगले घेणाऱ्याने हेही विचारात घ्यावे.

कागदावरचा हिशेब

आता आपल्याकडच्या नियमांकडे वळू. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका भारतीय माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. मॉरिशसचे राहण्याचा परवाना देणारे घर ३ लाख ७५ हजार डॉलरचे. म्हणजे एकट्याच्या एका वर्षाच्या मर्यादेत ते बसत नाही. नवरा-बायकोने मिळून पैसे पाठवायचे तर घरावर दोघांची नावे हवीत. आपल्या रुपयांत ही रक्कम तीन कोटींहून बरीच वर जाते. दहा लाखांपुढच्या रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. परदेशातली मालमत्ता दरवर्षी प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते. न दाखवल्यास दंड जबर आहे.

खरेदीखत तेथे नोटरीपुढे होते. आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्के मारणारा नोटरी असतो, तसा तो नव्हे. व्यवहाराची सारी कायदेशीर जबाबदारी त्याच्यावर असते. बांधकाम चालू असलेले घर घेतले तर पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यायचे असतात आणि बिल्डरने काम अर्धवट टाकल्यास बँकेची हमी असते. हे चांगले आहे. त्यानंतर वसाहतीचा देखभाल खर्च येतो. पहारा, बाग, रस्ता, हौद यांचे पैसे घर बंद असले तरी दर महिन्याला द्यावेच लागतात. वारसाचा कायदाही पाहावा. तेथल्या स्थावर मालमत्तेत मुलांचा ठरावीक वाटा कायद्यानेच राखलेला असतो. मनाला येईल तसे मृत्युपत्र तेथे चालत नाही.

हे सारे मी बागायतदारांच्या ओटीवर बसून मांडले. ते आकडे ऐकत होते. त्यांच्या पत्नी आतून चहा घेऊन आल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "भाऊसाहेब, माझ्या गुडघ्यांचे डॉक्टर तिथे कोण? आणि शेजारणीशी मी कोणत्या भाषेत बोलू?" तीन कोटींच्या हिशेबात या दोन प्रश्नांना रकानाच नव्हता. समुद्र पाहायला पंधरा दिवस जाऊन यायचे आणि घर तालुक्याच्या गावी, इस्पितळाजवळ बांधायचे, असे त्या घरात ठरले.

आपल्यापुरते

परदेशी घर घेऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ज्याची मुले तेथे आहेत, भाषा येते, प्रकृती ठीक आहे आणि पैसा अडकला तरी संसार अडत नाही, त्याने खुशाल घ्यावे. पण आधी वर्षभर भाड्याने राहून पाहावे. वादळाचा हंगाम आणि सुटीचा हंगाम, दोन्ही पाहावेत. आपण नवीन वाण लावतो तेव्हा आधी दोन सऱ्या लावून बघतोच ना?

उतारवयाचे घर कोठेही घ्या, बेटावर घ्या नाहीतर बार्शीला घ्या, पाच गोष्टी तपासून घ्या. दवाखाना किती मिनिटांवर आहे? उन्हाळ्यात पाणी येते का? रात्री हाक मारली तर कोण येईल? दोघांपैकी एकच राहिले तर त्याला ते घर सांभाळता येईल का? आणि नको झाले तर विकायला किती दिवस लागतील? रंगीत पुस्तकात या पाचांपैकी एकाचेही उत्तर मला सापडले नाही.

ज्यांच्या जमिनी रस्त्यात, धरणात किंवा कारखान्यात जात आहेत, त्यांच्यासाठी आणखी थोडे. मॉरिशसच्या मळ्यावरच्या मजुराला रोख पैसे मिळाले आणि जागा मिळाली. पैसे कधीच संपले असते, जागेवर आजींचे घर उभे आहे. मोबदल्याची रक्कम खात्यावर येताच मोटार, लग्न आणि उसनवारी यांची रांग लागते. त्या रांगेच्या आधी गावठाणात दोन-तीन गुंठे राहत्या घरासाठी बाजूला काढा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर पती आणि पत्नी दोघांची नावे लावून घ्या. ग्रामपंचायतीकडे साधा अर्ज करावा लागतो. शेवटपर्यंत ते घर मुलांच्या नावे करू नका.

आणि कोकणातल्या ज्या वाचकांची जमीन समुद्राजवळ आहे, त्यांनी विकण्याआधी भाडेपट्ट्याचा विचार जरूर करावा. मुदत, दरवर्षीची वाढ, आणि समुद्राकडे जाणारी पायवाट सर्वांना खुली राहील ही अट कागदावर घालून घ्यावी. वकील मात्र आपला असावा, घेणाऱ्याने आणलेला नको. पुढे तुमच्या घरातली एखादी आजी रविवारी नातवंडांना घेऊन वाळूत जाऊन बसेल, तेव्हा तिला कोणी अडवता कामा नये.